इवासेसानचे कागदी फुगे

फुमिए इवासेच्या टेबलाला तीन खण आहेत. पहिल्यात यंत्राच्या नळ्या, दुसऱ्यात चिमटे आणि चिकटपट्ट्या, तिसऱ्यात घडी घातलेले कागदी फुगे. रुग्णालयात कुणी नवीन रुजू झालं की पहिले काही महिने त्याला वाटतं, बाईंना मुलांचं वेड आहे. मग कधीतरी तो तिच्या शेजारी चार तास बसतो आणि त्याच्या लक्षात येतं, की तिसऱ्या खणातली वस्तूसुद्धा कामाचीच आहे.

फुमिए डॉक्टर नाही, नर्सही नाही. जपानमधल्या तोयामाच्या बालरुग्णालयात ती यंत्रं चालवते. तिच्या यंत्रांतलं एक मुलांच्या रक्तातून मूळपेशी वेगळ्या काढतं. रक्त तयार करणाऱ्या या पेशी एरवी हाडांच्या पोकळीत मगजात राहतात. चार-पाच दिवस इंजेक्शनं दिली की त्या रक्तात उतरतात. मग एका नळीने रक्त बाहेर घ्यायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, तांबड्या रक्तावर दुधावरच्या सायीसारखा जो पातळ थर धरतो तो अलगद उचलायचा, आणि राहिलेलं रक्त दुसऱ्या नळीने मुलाच्या अंगात परत सोडायचं. असं चार तास. जमलेली पिशवी जेमतेम मुठीएवढी असते. ती कुणाच्या तरी शिरेत सोडली की त्याच्या रिकाम्या झालेल्या हाडांत नवं रक्त धरायला लागतं. कधी ती पिशवी त्याच आजारी मुलासाठी ठेवलेली असते, कधी त्याच्या भावंडासाठी.

यात एक मेख आहे. नळीत रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळावं लागतं आणि ते औषध रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं. आधी ओठांभोवती मुंग्या येतात, मग बोटांना, आणि कुणाचं लक्ष नसलं तर हात वाकडे होऊन आखडतात. उपाय अगदी साधा. यंत्र हळू करायचं, शिरेतून थोडं जास्त कॅल्शियम द्यायचं. दोन-चार मिनिटांत सगळं ताळ्यावर येतं. फक्त मुलाने वेळेवर सांगायला हवं.

आणि तोयामाची मुलं सांगत नाहीत. दात पडला तरी खिशात घालून शाळा सुटेपर्यंत बसून राहतील. इथे मूल चालायला लागलं की त्याचं पहिलं कौतुक होतं ते पडल्यावर रडलं नाही म्हणून. पुढे सुई टोचून घेतली, सोसलं, शहाणं बाळ. ताप अंगावर काढला, सोसलं, शहाणं बाळ. रुग्णालयात तर त्याचं कार्डच मिळतं. न रडता इंजेक्शन घेतलं की एक चिकटचित्र, दहा झाली की नर्सकडून पेन्सिल.

फुमिएनेही हे कौतुक कितीतरी वर्षं केलं. एकोणीस वर्षांपूर्वी चिगुसा नावाची आठ वर्षांची मुलगी तिच्या यंत्रावर होती. तिच्याच पेशी काढून ठेवायच्या होत्या. चिगुसा इतकी गप्प पडून होती, की फुमिए दर दहा मिनिटांनी म्हणायची, "किती शहाणी आहेस, किती सोसतेस." तीन तास झाल्यावर तिने पांघरूण सारखं करायला हात लावला तेव्हा दिसलं, पांघरुणाखाली चिगुसाची दोन्ही मनगटं आत वळली होती आणि बोटं पक्ष्याच्या पायांसारखी ताठली होती. यंत्र ताबडतोब बंद करावं लागलं. काम अर्धं राहिलं. कॅल्शियम गेल्यावर हात सैल झाले, आणि चिगुसा पहिलं वाक्य बोलली ते माफीचं. माझ्यामुळे यंत्र बिघडलं का, असं तिने विचारलं.

राहिलेल्या पेशी तीन दिवसांनी काढता आल्या, पण ती माफी फुमिएच्या मनातून गेली नाही. शहाणी, शहाणी म्हणत आपणच त्या मुलीला गप्प बसायला लावलं, हे तिला कळून चुकलं. त्या दिवसापासून यंत्र चालू असताना ‘सोसलंस’ हा शब्द तिने पुन्हा तोंडातून काढला नाही. आणि आजोबांची आठवण काढली.

तिचे आजोबा औषधं घेऊन गावोगाव फिरणारे. पाठीवर पाच मजली वेताची पेटी, वर्षातून एकदा प्रत्येक घरी फेरी. औषधांची डबी घरात ठेवून यायची, पुढच्या वर्षी जाऊन उघडून बघायची. घरातल्या बाईला कसं काय विचारलं तर ती म्हणणार, सगळं छान. डबीत मात्र पोटदुखीच्या पुड्या संपलेल्या असायच्या. आजोबा मग डबीशीच बोलावं तसं हळू आवाजात पथ्य सांगायचे, बाई दुसरीकडे बघत ऐकून घ्यायची. घरात मूल असलं तर निघताना त्याला एक कागदी फुगा. चौकोनी, चार रंगांचा, फुंकर मारायला एका बाजूला छोटं भोक.

त्या फुग्याला फुंकायला ओठांचा नेमका चंबू करावा लागतो. मुंग्या आल्या की तो होत नाही, हवा कोपऱ्यातून निसटते. फुगा तळव्याने वर उडवत राहायचा तर बोटं मोकळी लागतात. मूल सांगत नसेल तर फुगा सांगेल, एवढाच फुमिएचा विचार. सात-आठ वर्षं फुगा कधी चुकला नाही. पुढे डॉक्टर त्सुकुदा नवे आले तेव्हा त्यांना हा पोरखेळ वाटला होता. एकदा फुमिएने फुग्याकडे बघून यंत्र हळू केलं, आणि दहा मिनिटांनी आलेल्या तपासणीत कॅल्शियम खरंच उतरलेलं निघालं. त्यानंतर कुठल्याशा जत्रेतून डझनभर फुगे त्यांनीच आणून तिसऱ्या खणात ठेवले, आणि त्याबद्दल दोघंही कधी काही बोलले नाहीत.

मागच्या फेब्रुवारीत कोतोने होरिता आली. दहा वर्षांची, एकोणतीस किलोची, चौथीत. तिचा मोठा भाऊ शिन्पेई दोन मजले वर निर्जंतुक बंद खोलीत होता. सोळा वर्षांचा, ज्युदो खेळणारा, आजारातही सत्तर किलोचा. त्याचा रक्ताचा कर्करोग दुसऱ्यांदा उलटला होता. घरात कोतोनेचंच रक्त त्याच्याशी जुळत होतं. एवढ्याशा मुलीच्या हाडांतून एवढ्या मोठ्या मुलाला पुरेल इतका मगज काढणं धोक्याचं, म्हणून पेशी रक्तातूनच काढायच्या ठरल्या. शिन्पेईला जहाल औषधं आधीच दिली होती, त्याची हाडं रिकामी झाली होती. म्हणजे आता परतीचा रस्ता नव्हता. त्याच्या दर किलोमागे वीस लाख पेशी हव्या होत्या, आणि कोतोनेला यंत्रावर घ्यायची परवानगी दोनच दिवसांची होती.

कोतोनेच्या हातांच्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक, म्हणून नळी जांघेत घातलेली. उजवा पाय वाकवायचा नाही, उताणं पडून राहायचं. तिची आई मिसुझु कॉटच्या पायाशी उभी राहून प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून नमस्कार करत होती. तिने कोतोनेचं कार्ड फुमिएला दाखवलं. हाडं ठणकवणारी सगळी इंजेक्शनं पोरीने डोळ्यांत टिपूस न आणता घेतली होती. कार्डावर चित्र चिकटवायला जागा उरली नव्हती.

मिसुझुला वाटलं फुमिए कौतुक करेल. फुमिएने ते भरलेलं कार्ड परत दिलं आणि तिसरा खण उघडला.

तिने फुगा काढला तेव्हा कोतोनेने भुवया वर केल्या.

"मी चौथीत आहे. हे बालवाडीतल्यांचं."

"म्हणूनच तर. बालवाडीतल्यांना नीट मारता येत नाही, माझे फुगे फुकट जातात. पडल्या पडल्या सलग वीसच्या वर अजून कुणी गेलेलं नाही."

ही थाप होती. पण कोतोने ज्युदो खेळणाऱ्या भावाची बहीण होती, आकडा ऐकल्यावर तिला राहवेना. तिने चौतीस केले. मग म्हणाली, "इवासेसान, तुम्ही मुद्दाम वीस सांगितलं ना?" फुमिएने यंत्राकडे तोंड फिरवून हसू लपवलं.

दीड तासाने फुग्यातली हवा कमी झाली म्हणून कोतोनेने फुंकर मारली, आणि फुगा फुगेना. फुमिएने ओठांचं विचारलं. काही नाही. बोटांचं विचारलं. काही नाही. मुलगी तिच्या डोळ्यांत बघून, चेहऱ्यावरची रेघ न हलवता नाही म्हणत होती. फुमिएने यंत्र हळू केलं आणि कॅल्शियम वाढवलं. पडद्यावरचा वेगाचा आकडा उतरला, आणि कोतोनेची नजर त्या आकड्यावरून ढळेना.

असं त्या दिवशी चार वेळा झालं. चार वाजता, फळ्यावर लिहिलेल्या वेळेला, यंत्र थांबवलं. संध्याकाळी प्रयोगशाळेतून निरोप आला. किलोमागे अकरा लाख. निम्म्याहून थोडं जास्त. ती पिशवी तशीच वर गेली, शिन्पेईला चढवली. डॉक्टर त्सुकुदांनी मिसुझुला दाराशी नेऊन उरलेल्या नऊ लाखांचं सांगितलं. वेग जरा मिळाला असता तर बरं झालं असतं, असंही ते म्हणाले. दार पुरतं लागलेलं नव्हतं. मिसुझुने तिथेच कमरेत वाकून माफी मागितली, जणू कमी पडलेल्या पेशी तिने घरी विसरल्या होत्या. कॉटवर कोतोने छताकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या काठावर बर्फ हातभर चढलं होतं. फुमिएने यंत्र जोडलं, कॅल्शियमसाठी कोतोनेला दूध पाजलं, खणातून फुगा काढला. कोतोनेने हात पांघरुणात घेतले.

"आज फुगा नको."

"कंटाळलीस?"

"नाही. काल मी बघितलं. फुगा फुगला नाही की तुम्ही यंत्र हळू करता. मग दादाला कमी मिळतं."

एकोणीस वर्षांत फुमिएचा फुगा कुणी पकडला नव्हता. तिला क्षणभर अभिमानच वाटला. मग लक्षात आलं, की आता हातात काहीच उरलं नाही. मुलगी हात लपवून, ओठ मिटून चार तास पडून राहील, आणि कदाचित जिंकेलही. नाही जिंकली तर चिगुसासारखं मध्येच सगळं बंद. तपासणीचा कागद यायला दहा मिनिटं लागतात, हात आखडायला तेवढीही लागत नाहीत.

मिसुझु घाईने म्हणाली, "कोतोने, इवासेसानना त्रास देऊ नकोस."

फुमिएने स्टूल ओढलं आणि कोतोनेच्या उशाशी बसली. फुगा खणात परत ठेवला. फुगा कशासाठी होता ते आडपडदा न ठेवता सांगितलं, आणि न विचारता असं बघत राहिल्याबद्दल पोरीची माफी मागितली. मग चिगुसाचं सांगितलं. पांघरुणाखालचे हात, बंद पडलेलं यंत्र, आणि तिला शाबासकी देत बसलेली बाई कोण होती तेही.

कोतोनेने तिच्याकडे मान वळवली.

"ती आता काय करते?"

"ताकाओकाला केस कापायचं दुकान आहे तिचं. माझे तीच कापते. म्हणून असे दिसतात."

कोतोनेने फुमिएच्या केसांकडे नीट निरखून बघितलं आणि पहिल्यांदा तिच्या तोंडाची कड हलली. तिला हे ठाऊक नव्हतं, की फुमिए दर दीड महिन्याला एवढ्या लांब जाते ती केसांसाठी नाही. आरशात कात्री चालवणारी ती दहा बोटं बघायला जाते.

"हळू केलं की कमी मिळतं, हे तुला कुणी सांगितलं?" फुमिएने विचारलं.

"डॉक्टर म्हणाले. दार उघडं होतं."

"चारच्या ठोक्याला बंद करायचं असेल तर कमी मिळतं. हळू चालवलं आणि जास्त वेळ चालवलं तर तेवढंच मिळतं. तू गप्प राहिलीस आणि हात आखडले, तर मात्र मला बंदच करावं लागेल. तेव्हा खरंच कमी मिळेल."

"पण चारला तुमची सुट्टी होते. फळ्यावर लिहिलंय."

फुमिए उठली. फळ्यावरचं ‘चार’ तिने बाहीनेच पुसलं. बाही निळी झाली. काल हे का सुचलं नाही, या विचाराने तिला आतून खजील वाटत होतं. सगळे आपापल्या वेळेत काम संपवतात, कुणाला खोळंबून ठेवायचं नाही, म्हणून चार म्हणजे चार. इतक्या वर्षांच्या फुग्यानंतरही तिने स्वतः ती रीत पाळली होती. तिने फोन उचलला. डॉक्टर त्सुकुदा, प्रयोगशाळा, पिशवी नेणारा माणूस, तिघांनाही सांगितलं, आज कधी संपेल ते माहीत नाही. डॉक्टर आढेवेढे घेतील असं तिला वाटलं होतं. ते दहा वर्षांच्या मुलीच्या नावाला मोठ्यांसारखं ‘सान’ लावून म्हणाले, नक्की केव्हा ते कोतोनेसाननाच विचारा, आणि मला कळवा.

"ऐकलंस? आज वेग तुझ्या हातात," ती म्हणाली. "तू सांगशील तेव्हा हळू, तू सांगशील तेव्हा जोरात."

"आणि मी काहीच नाही सांगितलं तर?"

"तर मी संध्याकाळपर्यंत इथे बसून तुझ्याकडे टक लावून बघेन. माझं तोंड काही बघण्यासारखं नाही. केस तर बघितलेसच."

यंत्र सुरू झालं. पहिला पाऊण तास तसाच गेला. फुमिए म्हणाली होती तशीच टक लावून बसली होती. कॉटच्या पायाशी मिसुझुने ते भरलेलं कार्ड दोन्ही हातांत धरलं होतं. आजवर पोरीला जे जे शिकवलं ते आज विसर म्हणायचं, आणि तेही वरच्या मुलाचा जीव टांगणीला असताना, हे तिला साधत नव्हतं.

मग कोतोने अगदी हळू म्हणाली, "येतायत."

"काय येतायत?"

"मुंग्या. ओठाला."

मिसुझुच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थोडंसं सो..." आणि ती थांबली. कोतोने आईकडे बघत होती. फुमिएचा हात यंत्राच्या बटणावर होता, पण तिने ते दाबलं नाही. एवढी वाट बघणं तिला परवडणारं होतं. सेकंद-दोन सेकंदच गेले असतील. मिसुझुने कार्ड पर्समध्ये टाकलं, पुढे झाली, आणि मुलीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "मोठ्याने सांग गं. इवासेसानना नीट ऐकू जाऊ दे."

"मुंग्या येतायत. हळू करा."

यंत्र हळू झालं. तीन मिनिटांनी कोतोनेने ओठ ओले करून बघितले, आणि म्हणाली, "आता वाढवा."

एकदा बांध फुटल्यावर मग काय. दुपारपर्यंत ती मासेमारीच्या होडीवरच्या म्हाताऱ्या नाखव्यासारखी हुकूम सोडायला लागली. हळू. आता चालेल. अजून नको, अजून नको, आता. मध्येच तिने फुगा मागून घेतला, आता लपवायचं काही नव्हतं. डॉक्टर त्सुकुदा डोकावले तर त्यांना म्हणाली, दार नीट लावत जा. ते इतके गोंधळले की वाकून हो म्हणाले आणि दार लावून गेले. चार वाजले. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. मिसुझुने समुद्री शेवाळात घोळवलेल्या भाताच्या गोळ्याचे तुकडे करून मुलीच्या तोंडात घातले, एक फुमिएलाही दिला. साडेपाचला कोतोने सातव्यांदा म्हणाली, मुंग्या, आणि सव्वासहाला पिशवी भरली.

पिशवीतला नमुना प्रयोगशाळेत गेला, आणि तिथून फोन यायला तासभर लागला. मिसुझु फोनच्या समोर उभी होती. फुमिएने ऐकलं, आकडा पुन्हा एकदा सांगायला लावला, आणि मगच तिच्याकडे वळली. साडेनऊ लाख. कालचे अकरा. वीसच्या वर अर्धा लाख, म्हणजे जेमतेम, पण पुरलं होतं. मिसुझुने फोनलाच वाकून नमस्कार केला.

पिशवी न्यायला आलेल्या माणसाला कोतोनेने थांबवलं. तिला ती हातात घेऊन बघायची होती. पिशवी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही हा नियम फुमिएला आठवला, म्हणून पिशवी स्वतः धरून तिने कोतोनेला वरून हात लावू दिला.

"कोमट आहे," कोतोने म्हणाली. मग जरा विचार करून, "दादाला सांगा, उशीर झाला. पण मी मुद्दाम केला."

माफी मागितली नाही. फुमिएने ते टिपून घेतलं.

नळी काढून, पट्टी बांधून झाल्यावर मिसुझुने पर्समधून कार्डासोबत मिळालेलं चिकटचित्रांचं पान काढलं. कार्डावर जागा नव्हतीच. तिने इकडे तिकडे बघितलं आणि पांघरुणावर पडलेला फुगा उचलला. मग एकेक चित्र सोलून त्याच्यावर लावत गेली. मांजर, ससा, आगगाडी. सात. जितक्या वेळा मुलीने सांगितलं तितकी. शेवटचं लावताना तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून ते तिरकं बसलं.

सोळा दिवसांनी शिन्पेईच्या रक्तात नव्या पांढऱ्या पेशी दिसल्या. मेमध्ये तो मुखपट्टी लावून खाली फुमिएच्या खोलीत आला, तिला खोल वाकून नमस्कार केला, आणि म्हणाला की घरी रोज चौतीस-चौतीस ऐकून त्याचे कान किटलेत, एकदा बघू द्या. फुमिएने नवा फुगा दिला. पण त्याची नजर खणातल्या चिकटचित्रांच्या फुग्याकडे गेली, आणि त्याने तोच मागितला. सात चित्रांच्या वजनाने तो एका बाजूला कलतो, कुठेही भरकटतो. शिन्पेई अकरावर अडला. त्याने पुन्हा सुरुवात केली. फुमिएने घड्याळाकडे न बघता खण आत ढकलून त्याला हात मारायला जागा करून दिली.